गिअरची दांडी पायाच्या मापाची

उज्जैन-इंदूर हे पन्नासेक किलोमीटरचे अंतर रोज मोटारसायकलने कापणाऱ्याचा डावा घोटा संध्याकाळी ठणकत असेल, तर आधी गिअरच्या दांडीची उंची पाहावी. दांडी ज्या शाफ्टवर बसते त्याला बारीक दाते असतात. बोल्ट पूर्ण काढायचा. बहुतेक गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, नुसता सैल करून दांडी निघत नाही. मग ती ओढून एक दाता वर किंवा खाली बसवायची. एवढ्यानेही टोकाशी चांगला फरक पडतो. टाच-चवड्याच्या दुहेरी दांडीत मात्र चवडा खाली नेला की टाचेची बाजू वर येते, म्हणून दोन्ही तपासा. माप रोजचे बूट घालून, गाडीवर बसूनच घ्या. आणि बोल्ट घट्ट आवळल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.