दुभंगलेली टाळू

नाक चिमटीत धरून 'पापा' म्हणा; जमते. 'मामा' म्हणा, 'बाबा'सारखे काहीतरी ऐकू येते. कारण 'प' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. 'म'साठी ती उघडी लागते. टाळू दुभंगलेल्या मुलाला ही वाट बंद करता येत नाही. तान्हेपणी दूध नाकातून येते, पुढे शब्दही नाकात जातात.

आमच्याकडे घर मराठी असो वा कन्नड, दोष गरोदरपणी पाहिलेल्या ग्रहणाला देतात. वास्तविक गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाळूचे दोन भाग जुळायचे राहून जातात.

१८६१ साली बर्लिनच्या लांगेनबेक यांनी दोन्ही बाजूंचे आवरण हाडावरून सोडवून मध्यभागी शिवले. फट मिटली, पण एवढ्याने वाणी सुधारतेच असे नाही. टाळू उचलणारे स्नायू हाडाच्या कडेला भलतीकडे चिकटलेले असतात. ते सोडवून आडवे जोडावे लागतात. अमेरिकन शल्यविशारद फर्लो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत 'झेड'च्या आकाराचे छेद घेऊन हे साधते, शिवाय मऊ टाळूची लांबीही वाढते.

ही शस्त्रक्रिया साधारणतः बाळ वर्षाचे होण्याच्या सुमारास, ते नीट बोलू लागण्यापूर्वी करतात. ते वर्ष ग्रहणाच्या चर्चेत दवडू नये.