ही लाट गेल्या बुधवारी निघाली होती

मे महिना, गणपतीपुळ्याची पुळण, सकाळचे आठ. वारा नावालाही नाही, आभाळ कोरं, माडाची झावळी हलत नाही. आणि तरीही समुद्रावरून लांबच लांब, सरळ रेघेत लाटा चालून येताहेत. छातीएवढ्या उंच, आणि एकीमागून दुसरी यायला चांगले पंधरा सेकंद घेणाऱ्या. वारा नाही, तर मग ही लाट उठवली कोणी?

नकाशात गणपतीपुळ्यावर बोट ठेवा आणि सरळ खाली दक्षिणेकडे न्या. लक्षद्वीप, मालदीव, विषुववृत्त, सगळं ओलांडून जवळपास ७,४०० किलोमीटर गेलात की बोट केर्गेलन बेटांपाशी टेकतं. बेटं फ्रान्सची, कायमची वस्ती शून्य, मुक्कामाला फक्त शास्त्रज्ञ आणि तळावरची मंडळी. शाळेच्या भूगोलातले ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ वारे परीक्षेपुरते पाठ केले होते ना? ते इथे राहतात. तिकडच्या वादळाने पाणी घुसळलं की त्यातली लांब लाट आपल्या वाटेने निघते आणि सुमारे सात दिवसांनी कोकणात पायाशी येऊन फुटते. तुम्ही दापोलीचं बुकिंग रद्द करून पुळ्याचं केलंत, तेव्हा ती विषुववृत्ताच्या पलीकडे होती.

एक ओळ, चार आकडे

लाटांचा अंदाज सांगणारी ॲपं हल्ली कोणाच्याही फोनवर असतात. उघड्या किनाऱ्यासाठी त्यात साधारण अशी ओळ दिसते : १.३ मीटर, १६ सेकंद, नैर्ऋत्य, वारा पूर्वेकडून ताशी ६ किलोमीटर. शंभरातले नव्वद जण पहिला आकडा बघतात आणि ‘हात्तिच्या, सव्वा मीटर!’ म्हणून ॲप बंद करतात. खरी गोष्ट दुसऱ्या आकड्यात असते. पण आधी पहिल्याचीच जरा हजेरी घेऊ, कारण तो दिसतो तेवढा सरळ नाही.

१.३ मीटर ही सगळ्या लाटांची सरासरी नव्हे. लाटांची उंचीप्रमाणे रांग लावायची, वरच्या एक तृतीयांश तेवढ्या घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. हा उपद्व्याप कशासाठी? कारण सरावलेला खलाशी नुसत्या नजरेने जी उंची सांगतो, ती या आकड्याच्या जवळ जाते. छोट्या लाटा माणसाच्या डोळ्यांत भरतच नाहीत. हिशेब दुसऱ्या महायुद्धातला. हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मुंक या दोघांनी सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचं भाकीत करायची पद्धत बसवली. १९४४ साली नॉर्मंडीची चढाई हवामानापायी ५ जूनवरून ६ जूनवर गेली, तेव्हा किनाऱ्यावर लाट किती असेल ते याच पद्धतीने काढलं जात होतं.

या आकड्याच्या पोटात एक धोका दडलेला आहे. हजारभर लाटांत एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट निघते. सोळा सेकंदांना एक या हिशेबाने हजार लाटा साडेचार तासांत होतात. म्हणजे सकाळी सातपासून जेवणाच्या वेळेपर्यंत किनाऱ्यावर बसलात तर ती बाई बहुधा भेटून जाईल. ‘एवढा वेळ तर काहीच नव्हतं हो, अचानक आली,’ हे वाक्य दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर ऐकू येतं. सातवी लाट मोठी, ही समजूत मात्र खोटी. मोठ्या लाटा झुंडीने येतात एवढं खरं, पण झुंड पाचव्या लाटेला येईल की पंधराव्या, याचा काही नेम नाही.

हवाईतल्या जुन्या सर्फर मंडळींचा मोजमापाचा खाक्या तर आणखी वेगळा. ते लाट मागून मोजतात. समोरून वीस फूट दिसणारी लाट त्यांच्या लेखी दहा फुटांची. बढाई मारायची पद्धत जगभर एक, यांची बरोबर उलटी.

सेकंदांना पावणेतीनने गुणा

आता दुसरा आकडा. दोन लाटांमधले सेकंद म्हणजे लाटेची जन्मपत्रिका. पाच-सहा सेकंद असतील तर ती इथलीच, कालपरवाच्या वाऱ्याने उठलेली. चौदा-सोळाच्या पुढे गेली की समजायचं, पाहुणी लांबची आहे.

खोल समुद्रात सहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर असते, सोळा सेकंदांच्या लाटेची चारशे मीटर. लाटेला तळ लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे छोटीला तळ कळतो अठ्ठावीस मीटरवर आणि मोठीला थेट दोनशे मीटरवर. दोनशे मीटर ही जवळपास आपल्या भूखंडमंचाची कडच झाली. मुंबईसमोर हा उथळ मंच तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलाय, गोव्याकडे तो बराच अरुंद होतो. एवढी वाट तळ घासत आलेली लाट दमते. बालीसारखी लाट जुहूला का फुटत नाही, यातलं एक मोठं कारण हेच.

तरी जी पोचते ती किनाऱ्यापाशी उठून उभी राहते. खोल पाण्यातली १.३ मीटरची सोळा सेकंदी लाट फुटताना दोन मीटरच्या वर जाऊ शकते, सहा सेकंदी लाट फार तर वीतभर वाढते. आकडा तोच, मार वेगळा.

अशा लाटांचा काफिला किती वेगाने सरकतो? सेकंदांना पावणेतीनने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. पंधरा सेकंद म्हणजे ताशी एकेचाळीस. गंमत पुढे आहे : लांब लाटा वेगवान असतात, म्हणून एकाच वादळातून एकाच दिवशी निघालेल्या लाटांत मांडवी एक्स्प्रेस आधी येते आणि दिवा पॅसेंजर मागाहून. केर्गेलनहून निघालेली वीस सेकंदी लाट साडेपाच दिवसांत दारात, चौदा सेकंदी लाटेला पावणेआठ दिवस लागतात. आज अठरा, उद्या सोळा, परवा चौदा असे सेकंद उतरत गेले, तर त्या उतरणीवरून वादळ किती लांब होतं हे घरबसल्या काढता येतं.

मुंकसाहेबांनी हेच केलं. १९५०च्या दशकात मेक्सिकोजवळच्या ग्वादालूप बेटापाशी लाटा मोजताना त्यांना काही अशा सापडल्या की ज्यांचा उगम हिशेबाने हिंदी महासागरात निघत होता. १९६३ साली तर त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडली आणि अंटार्क्टिकाकडच्या वादळाची लाट अख्खा प्रशांत महासागर ओलांडून अलास्काला लागताना पकडली. स्वतः सामोआत ठाण मांडून बसले, बायको-मुलींसकट. संशोधनाचा असा बेत कोणाला नको! हे गृहस्थ २०१९ साली १०१ वर्षांचे होऊन गेले.

मतलई असेपर्यंत

तिसरा आकडा दिशेचा, त्याला दोन ओळी पुरे. कोकण-गोव्याला दूरची लाट येते ती दक्षिण-नैर्ऋत्येकडून. हिवाळ्यात मात्र मधूनच वायव्येकडून लाटा येतात, त्या अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्याने पाठवलेल्या असतात. रत्नागिरीसमोरच्या मोजणीत त्या नोंदल्याही गेल्या आहेत.

चौथा आकडा वाऱ्याचा. त्याचं कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई, दुपारी समुद्रावरून येतो तो खारा. सर्फरचा जीव मतलईवर. हा वारा फुटू पाहणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो, तिचं अंग गुळगुळीत राहतं, ती उशिरा आणि ताठ फुटते. अकराच्या सुमारास खारा सुटला की तीच लाट विस्कटते आणि समुद्रभर पांढरा कालवा होतो. गोव्यात आश्वे, मोरजी, मांद्रे इकडचे शिकवणारे पहाटेच फळ्या घेऊन का हजर असतात, त्याचं कारण यात आहे. नऊला उठून नाश्ता करून निघणाऱ्यांसाठी समुद्र उरतो, लाट उरत नाही.

तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ ॲप सांगतं, पण कालनिर्णयही सांगतं. तिथीची पाऊणपट करा : चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. सहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी सगळं पन्नासेक मिनिटं पुढे. गावागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी लोटण्यापुरतं हे गणित चोख आहे आणि त्याला रेंज लागत नाही.

पाणी किती चढतं यात मात्र गाव बदललं की फरक पडतो. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत अंतर पडतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. भांगाच्या दिवसांत दोन्हीकडे पाणी आळसावलेलं. वाळूच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीला लाट कडेला येऊन धपकन आपटते, पूर्ण ओहोटीला बाहेरच्या बाहेर कोसळते. मधल्या पाण्यात जे जमतं त्यासाठी सगळा खटाटोप.

जे ॲपला कळत नाही

खडकाळ किनाऱ्यावर लाट वर्षानुवर्षं एकाच जागी फुटते. वाळूच्या उघड्या किनाऱ्यावर तसं नाही. लाट फुटते वाळूच्या बुडालेल्या पट्ट्यावर, आणि हा पट्टा आज इथे तर महिन्याने तिथे. पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू ओढून आत नेतो, दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. उपग्रहाला वादळ दिसतं, वाळू दिसत नाही. म्हणून किनाऱ्यावर जाऊन पाच मिनिटं नुसतं उभं राहणं हा अंदाजाचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग.

बघायचं काय? लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वा पट पाण्यात फुटते. म्हणजे जिथे पांढरं तिथे उथळ, आणि दोन पांढऱ्यांच्या मध्ये जिथे लाट फुटतच नाही, पाणी हिरवट-काळसर आणि शांत दिसतं, तिथे खोल. पर्यटक नेमका तिथे उतरतो, पोरांनाही तिथेच नेतो, ‘इकडे लाटा नाहीत’ म्हणून. किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी त्याच फटीतून समुद्रात परत जात असतं. ही ओढ सेकंदाला अडीच मीटरच्या जवळ जाऊ शकते; तिच्याविरुद्ध ऑलिंपिकचा पोहणारा टिकत नाही, तर कोल्हापूरहून सहकुटुंब आलेल्या काकांचं काय घ्या. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. ओढ अरुंद असते, बाजूला झालं की सुटते. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा.

निरभ्र आभाळाखाली सेकंद वाढलेले असले, तर ही फट आणखी जोरात ओढते. केरळच्या किनाऱ्यावर असा समुद्र कधी कधी थेट घरांत शिरतो, बहुतेकदा एप्रिल-मेमध्ये. तिथे त्याला कळ्ळक्कडल म्हणजे चोरट्या पावलांनी आलेला समुद्र म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता याचे इशारे आधीच देते. आधीच देता येतात, कारण लाट वाटेत असते.

इतर बातम्या थोडक्यात

सर्फिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते तोक्यो स्पर्धेत, २०२१ साली, त्सुरिगासाकी नावाच्या अशाच उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर. तारखा ठरलेल्या नव्हत्या, ठरलेली होती ती आठ दिवसांची मुदत. मग नेपार्ताक वादळाची लाट येतेय असं दिसलं आणि अंतिम फेऱ्या एक दिवस अलीकडे ओढल्या. सोनं जिंकणाऱ्या ब्राझीलच्या इतालो फेरेराची फळी अंतिम फेरीतच मोडली. दुसरी घेऊन तो परत पाण्यात. त्यानंतरचं ऑलिंपिक पॅरिसचं, पण सर्फिंग झालं ताहितीला, पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरवर. सेन नदीत लाट कोण उठवणार!

सर्वांत मोठ्या लाटेवर स्वार होण्याचा गिनीजने नोंदलेला विक्रम २६.२१ मीटरचा, पोर्तुगालच्या नाझारे इथला, २०२० सालचा, जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉयटनरच्या नावावर. जवळपास आठ मजली इमारत. समुद्रतळाची प्रचंड घळ तिथे किनाऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबते, त्यामुळे लाट तळ न घासता ताजीतवानी पोचते. मुंबईसमोरच्या उथळ मंचाची बरोबर उलट कुंडली.

हवाईत ‘द एडी’ नावाची स्पर्धा आहे. लाटेची समोरची उंची चाळीस फूट भरली तरच घ्यायची, नाहीतर पुढच्या वर्षी. १९८०च्या दशकात सुरू झाली आणि आजवर दहा-अकरा वेळाच झाली. बाकीच्या वर्षी सगळे तयार होऊन वाट बघत बसतात.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या मामल्लपुरमला सर्फिंगची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. मूळ कर्नाटकातला, शिकला केरळातल्या कोवळमच्या लाटांवर.

आणि पावसाळा? लाट भरपूर, पण वारा सगळा समुद्रावरून, दिशा एक नाही, पाणी गढूळ. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, सर्फरनेही ती पाळलेली बरी. त्या दिवसांत हाच वारा मुंबईच्या चौपाट्यांवर ब्लूबॉटल आणून टाकतो. निळ्या फुग्यासारखा हा जीव पोहू शकत नाही, अंगावरचं शीड वारा नेईल तिकडे जातो. काहींचं शीड डावीकडे कललेलं असतं, काहींचं उजवीकडे, त्यामुळे एकाच वाऱ्यात त्यांच्या दोन वेगळ्या वाटा होतात आणि सगळी जमात एकाच किनाऱ्याला लागत नाही. जे जुहूला लागले त्यांना हात लावू नका. मेल्यावरही डंख मारतात.