टायमिंग बेल्ट : ‘कंपनीचा’ की बाजारातला?

मोटारीने साठ-सत्तर हजार किलोमीटरचा पल्ला ओलांडला की मेकॅनिक बेल्टचा विषय काढतो आणि लगोलग विचारतो, ‘कंपनीचा टाकू की लोकल?’ दोहोंच्या किमतीत बराच फरक असतो. बेल्ट म्हणजे वरकरणी रबराची पट्टी. त्यामुळे ग्राहकाचे मन स्वस्त पर्यायाकडे झुकणे स्वाभाविक आहे. मात्र, उत्तर देण्यापूर्वी कोणता बेल्ट, हे विचारणे आवश्यक ठरते.

बॉनेट उघडताच दिसणारा, बोलीभाषेत ‘फॅन बेल्ट’ म्हणून ओळखला जाणारा पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत पाण्याचा पंप फिरवतो. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, कदाचित इंजिन तापू लागते. पण चालकाला गाडी बाजूला घेण्याइतका अवधी बहुधा मिळतो. येथे नामांकित उत्पादकाचा पर्यायी पट्टा घेण्यास फारशी हरकत नाही.

टायमिंग बेल्टचे तसे नाही. आवरणाआड दडलेला हा दातेरी पट्टा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक पूर्ण होतो. धावत्या गाडीत पट्टा तुटला किंवा त्याचे दात झडले, तर अनेक इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते आणि पट्ट्यात वाचवलेल्या रकमेच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो. बोरघाटात असे घडले तर खर्चाची चिंता नंतरची. आधी बंद पडलेली गाडी रहदारीतून बाहेर काढायची असते.

अर्थात, प्रत्येक गाडीत हा पट्टा नसतो. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी होती. मारुती ८००, पहिली सँट्रो आणि डस्टरचे १.५ लिटर डिझेल इंजिन पट्ट्यावर चालणारे. आपल्या गाडीत काय आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावे.

‘कंपनीचा’ या शब्दाचीही फोड करायला हवी. मोटार कंपन्या सहसा पट्टे स्वतः तयार करीत नाहीत. गेट्स, डेको, मित्सुबोशी, बांडो यांसारखे उत्पादक ते पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातूनही पट्टे विकतात. आपल्या गाडीला मूळ पट्टा पुरवणाऱ्याचाच, त्याच मापाचा पट्टा मिळाला, तर केवळ खोक्यावरच्या नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. तो सहज मिळतोच असे मात्र नाही. पुरवठादारांना सुटे भाग खुल्या बाजारात थेट विकण्यापासून रोखले जाते, हा भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशातील एक प्रमुख आक्षेप होता. आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायालयीन लढाईत गेले.

खरी भीती पर्यायी मालाची नाही, नकली मालाची आहे. पुण्याच्या नाना पेठेत असो वा दिल्लीच्या काश्मिरी गेटला, अस्सल, पर्यायी आणि नकली पट्टा शेजारी ठेवला तर नुसत्या नजरेने भेद करणे कठीण. चांगल्या टायमिंग बेल्टची ताकद आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत आणि उष्णता सोसणाऱ्या विशिष्ट रबरात असते; ती बाहेरून दिसत नाही. म्हणून पट्ट्याच्या पाठीवरचा भाग क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, छपाई पुसट असल्यास माल परत करावा आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. दुकानदाराने पट्टा घडी घालून वा पिळून ठेवला असेल तर अस्सल असूनही तो नाकारावा, कारण आतले दोरे तुटलेले असू शकतात. गाडी वॉरंटीत असेल, तर वाद टाळण्यासाठी कंपनीचाच पट्टा बरा.

पट्ट्यासोबत टेन्शनर आणि आयडलर पुलीही बदलाव्यात. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असल्यास तोही. जुनी पुली अडकली तर नवा पट्टाही टिकत नाही आणि उघडझाकीची मजुरी पुन्हा द्यावी लागते. शहरात गाडी कमी धावते, म्हणून चालढकल करू नये. रबर वयानेही झिजते. पुस्तिकेत किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा दिली असेल, तर जी आधी संपेल ती धरावी. काम झाल्यावर जुना पट्टा आणि नव्याचे खोके मागून घ्यावे, आणि तारीख व किलोमीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवून घ्यावी.