मोठ्या कंपनीचा धूर आणि आपल्या वर्कशॉपचा हिशेब

तळेगाव, उर्से, कान्हे आणि शेजारच्या चाकण पट्ट्यात सुटे भाग, लाकडी पॅलेट, पावडर कोटिंग किंवा वाहतुकीचे काम करणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आता एक नवा कागद येऊ लागला आहे. वीज किती वापरली, डिझेल किती जाळले, गॅस किती लागला, असे त्यात विचारलेले असते. कर खात्याचा काही प्रकार असावा असे समजून पुष्कळजण तो बाजूला ठेवतात, काही अंदाजाने आकडे भरतात. दोन्ही गोष्टी धंद्याला मारक आहेत असे आमचे मत आहे.

या कागदाचे मूळ असे. कोणत्याही मोटार कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातून निघणारा कार्बन वायू थोडा असतो. पोलाद, ॲल्युमिनियम, रबर, सुटे भाग तयार होताना व त्यांची ने-आण होताना निघणारा वायू कितीतरी जास्त असतो. हिशेबाच्या भाषेत यास 'स्कोप तीन' म्हणतात. महिंद्रा अँड महिंद्राने २०४० पर्यंत कार्बनच्या बाबतीत शून्यावर येण्याचे जाहीर केले आहे. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला. पहिल्या अडीचशे कंपन्यांनी आपल्या मोठ्या पुरवठादारांची माहितीही द्यावी, अशी व्यवस्था २०२५-२६ पासून ऐच्छिक स्वरूपात आहे. त्यात एकूण खरेदीत दोन टक्के वा अधिक वाटा असणारेच पुरवठादार येतात. म्हणजे कामशेतचा लेथवाला थेट कायद्यात येत नाही. पण त्याला जॉबवर्क देणारा मोठा पुरवठादार येतो आणि तो खालच्याला विचारतो. युरोपला पोलादी माल जात असेल तर गोष्ट अधिक कडक आहे. तेथील सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला असून त्यात नट-बोल्टसुद्धा येतात.

हा विचार आपल्या भागाला अगदीच नवा नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस सोडून टाटांनी १९१५ साली वीज निर्माण केली आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना ती पुरविली. धूर गिरणीचा कमी झाला, पण बदल पुरवठादाराने केला होता. आज मात्र आपल्या वर्कशॉपला येणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन वायू धरतात. डिझेलच्या एका लिटरला सुमारे २.७ किलो आणि गॅसच्या एका किलोला ३ किलो.

समजा, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये महिन्याला १,५०० युनिट वीज, १०० लिटर डिझेल आणि १९ किलोची दोन सिलिंडरे लागतात. वीज १,०५० किलो, डिझेल २७० आणि गॅस ११४, मिळून १,४३४ किलो. महिन्याला १२ टन माल बाहेर जात असेल तर टनामागे सुमारे १२० किलो पडले. विजेचे बिल आणि डिझेलच्या पावत्या जपून ठेवल्या की हा हिशेब तासाभरात होतो. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या एजंटची गरज नाही.

आता खरी गंमत पाहा. भट्टीत लोहखनिजापासून बनलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन वायू निघतो. म्हणजे १२ टन मालातील पोलादाचाच आकडा चोवीस टनांच्या वर जातो आणि वर्कशॉपचे दीड टन त्यापुढे किरकोळ ठरतात. पत्रा कापताना १२ टक्के वाया जात असेल आणि मांडणी सुधारून ते ८ टक्क्यांवर आणले, तर महिन्याला सुमारे ६०० किलो पोलाद कमी विकत घ्यावे लागते. तुकडे भंगारात जाऊन पुन्हा वितळतात हे खरे, तरी खरेदीचे पैसे तर वाचतातच.

भंगाराचा व्यापार करणाऱ्यांनी येथे कान टवकारावेत. जुने ॲल्युमिनियम वितळवून नवे करण्यास खनिजापासून बनविण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. निरनिराळ्या जातीचा धातू एकत्र न करता वेगळा ठेवला, वजन व प्रत लिहून पावती दिली, तर असा माल कंपनीला हवाच असतो. मिसळलेल्या ढिगाला मात्र तो भाव मिळणार नाही.

ज्यांना व्याजाच्या कर्जात पडायचे नाही त्यांनी सोलरच्या आधी कॉम्प्रेसर पाहावा. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे भोक असेल तर सुमारे तीन किलोवॅट वीज हवेत जाते. जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रे बंद करून कान दिला तरी गळती ऐकू येते. दाब एक बारने कमी करता आला तर सहा-सात टक्के वीज वाचते. टेम्पोवाल्यांनी चाकणहून रिकामे परतण्याऐवजी परतीचा माल जोडावा.

कंपनीकडूनही काही मागावे. कोणता पत्रा व कोणत्या गिरणीचा घ्यायचा हे बहुधा तीच ठरविते, तेव्हा कमी कार्बनचा पत्रा हवा असल्यास वाढीव दर तिने द्यावा, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे. पॅलेट एकदाच वापरून फेकण्याऐवजी परत पाठवावे, असेही सुचवावे. सुधारणेला पैसा लागतो आणि तो थकलेल्या बिलांत अडकून असतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यासाठी उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापावा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिरा मिळणाऱ्या पैशाबाबतचे हे संरक्षण त्यांना मिळत नाही. त्यांनी मुदत करारातच घालून घ्यावी.