घर राखणाऱ्याचा हक्क किती?

मुले परदेशी स्थायिक झाली, की आई-वडीलही काही महिने तिकडे जातात आणि पुण्या-मुंबईतील घर बंद राहते. अशा वेळी विश्वासातील व्यक्तीला घरी राहावयास ठेवले जाते. झाडांना पाणी घालणे, टपाल सांभाळणे, रात्री दिवा लावणे, हे तिचे काम. मोबदला कधी पैशांत, तर कधी केवळ निवाऱ्याच्या रूपाने. मात्र, 'उद्या घर सोडलेच नाही तर?' ही शंका मालकाला छळते.

गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये याबाबत निःसंदिग्ध निर्वाळा दिला. राखणदार कितीही वर्षे राहिला, तरी वास्तूवर त्याचा हक्क निर्माण होत नाही. मालकाने मागताच ताबा द्यावा लागतो. त्या प्रकरणात मालकीण बहीण होती आणि घरात राहणारा तिचा भाऊ!

राहणारा भाडे देत असेल, तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो करार लेखी व नोंदणीकृत हवा. राखणदाराला मात्र भाडेकरूसारखे संरक्षण नाही. म्हणूनच मुदत, मोबदला, घर सोडण्याची पूर्वसूचना, वीजबिलाची जबाबदारी आणि वस्तूंची यादी त्याने किल्ली स्वीकारण्यापूर्वीच लेखी घ्यावी. अन्यथा मालक अचानक परतल्यास नोकरी आणि निवारा, दोन्ही एकाच दिवशी जातात.