ग्रात्सहून आलेल्या पृच्छा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ध्वनिपरिवर्तनाचे नियम निरपवाद असतात या सिद्धांताने जर्मन भाषापंडितांची एक प्रबळ पिढी भारून गेली असता, ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे १८७६ पासून अध्यापन करणारे ह्यूगो शुखार्ट यांनी मात्र, सुशिक्षित ज्यांना अशुद्ध व मोडक्यातोडक्या म्हणून हिणवीत, त्या क्रिओल बोलींचा, म्हणजे व्यापार, गुलामगिरी आणि परकी अंमल यांच्या योगाने भिन्नभाषी समाज एकत्र येऊन जन्मलेल्या भाषांचा, व्यासंग आरंभिला. संकराचा स्पर्शच न झालेली भाषा जगात नाही, अशी त्यांची दृढ धारणा होती. आणि तिचा पुरावा ग्रंथालयात नव्हे, तर कोचीन, दीव, मंगळूर, माहे अशा बंदरांतल्या रहिवाशांच्या जिभेवर होता.

हिंदुस्थानात येणे शुखार्ट यांना कधीच घडले नाही. त्यांनी पत्रे लिहिली. मिशनरी, परराष्ट्रांचे वकील, सरकारी अंमलदार आणि समव्यवसायी पंडित, ज्या कोणाचा ठावठिकाणा लागे त्याच्याकडे ते बोलीचे नमुने मागत. आणि अशा पृच्छांतून हाती आलेल्या सामग्रीवर त्यांनी १८८२-८३ मध्ये कोचीन, दीव व मंगळूर येथील, तर १८८९ मध्ये माहे व कन्नूर येथील इंडो-पोर्तुगीज बोलींवर निबंध प्रसिद्ध केले. त्यांना आलेली हजारो पत्रे ग्रात्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत.

विद्वानाने विद्वानास विचारावे यात नवल ते काय, असे कोणास वाटेल. परंतु या विचारण्यातच शास्त्राची खरी कसोटी आहे. अमुक वाक्य तुमच्याकडे कसे म्हणतात, असे सरळ विचारले, की उत्तर देणारा भला माणूस, परक्यापुढे आपल्या गावाची लाज राखावी म्हणून, नकळत बोली सुधारून लिहितो, आणि नेमके जे हवे तेच गळून पडते. म्हणून भाषांतरापेक्षा गाणी, म्हणी, कथा आणि घरगुती संभाषणे मोलाची, आणि एका साक्षीवर विसंबण्यापेक्षा दुसरी साक्ष ताडून पाहणे श्रेयस्कर. किंबहुना उत्तर कोण देतो याची चौकशी उत्तराइतकीच महत्त्वाची.

ज्यांच्याशी शुखार्ट यांचा पत्रव्यवहार झाला, त्यांत बार्देशातील आसगावचे सुपुत्र पाद्री सेबास्तियाव रुदोल्फ दाल्गादो हेही होते. १८९३ साली कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश सिद्ध करणारे आणि पुढे लिस्बन येथे संस्कृत शिकविणारे दाल्गादो हे निव्वळ माहिती पुरविणारे नव्हते; १९०० साली गोवा व सिलोन, १९०३ साली दमण आणि १९०६ साली 'उत्तर' प्रांत, म्हणजे मुंबई-वसईपासून चौलपर्यंतची किनारपट्टी, येथील इंडो-पोर्तुगीज बोलींचे स्वतंत्र अध्ययन त्यांनी प्रसिद्ध केले. युरोपीय पंडितांच्या कीर्तीपुढे आपल्या या कोंकणी विद्वानाची महाराष्ट्रात झालेली उपेक्षा मला खेदजनक वाटते.

मुंबई-वसईकडील ती बोली आता लोपली आहे, आणि कोचीनच्या बोलीचा अखेरचा भाषिक २०१० साली निवर्तला. तेव्हा त्या बोलींच्या व्याकरणाविषयी आज कोणास काही धुंडाळावयाचे झाल्यास शुखार्ट व दाल्गादो यांच्या निबंधांकडे वळावे लागते. रेवदंड्यानजीकच्या कोर्लई गावात मात्र, पोर्तुगीजांचा अंमल १७४० साली उठूनही, ख्रिस्ती कुटुंबे आपली क्रिओल बोली मराठीच्या शेजारी अद्याप बोलत आहेत, आणि तेथे प्रश्न घेऊन जाणाऱ्या अभ्यासकास टपालाची वाट पाहण्याचे कारण नाही.