जुनी रॉक पोस्टरे आणि छायाचित्रे : पारख आणि पावसाळा

लेखमाला : संग्रह आणि संग्राहक

रॉक संगीताचे पोस्टर हा मुळात जाहिरातीचा कागद. कार्यक्रमाची तारीख उलटली की त्याचे काम संपे. भिंतीवर त्याच्यावर दुसरा कागद चिकटे आणि उरलेले गठ्ठे रद्दीत जात. जे टिकावे म्हणून कोणी छापलेच नाही, ते चुकून टिकले, म्हणून त्याला आज किंमत आहे. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकेत विमान कोसळून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर हे तीन गायक ठार झाले. त्याच संध्याकाळी मिनेसोटातल्या मूरहेड गावी त्यांचा कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमाचे पुठ्ठ्यावर छापलेले एक पोस्टर २०२२ मध्ये ४,४७,००० डॉलरला लिलावात गेले. चित्रकला म्हणून त्यात पाहण्यासारखे फारसे नाही. ठळक अक्षरांतली नावे आणि कलावंतांचे फोटो, एवढेच. पैसे मोजले गेले ते त्या तारखेला आणि उरलेल्या मोजक्या प्रतींना.

चित्र म्हणून जमवावे असे रॉक पोस्टर खऱ्या अर्थाने १९६६ पासून सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले. बिल ग्रॅहॅम फिलमोर सभागृहात, तर चेट हेल्म्स यांची ‘फॅमिली डॉग’ ही संस्था अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये दर आठवड्याला कार्यक्रम ठेवी आणि प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे पोस्टर निघे. वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली ही पाच नावे यात अग्रणी मानली जातात. विल्सन यांनी व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर यांच्या अक्षरवळणावरून प्रेरणा घेऊन अक्षरे अशी फुगवली आणि वळवली की ती वाचायला थांबावेच लागे. मोस्कोसो यांनी येल विद्यापीठात योसेफ आल्बर्स यांच्याकडे रंगांचा अभ्यास केला होता. सारख्याच तीव्रतेचे विरोधी रंग शेजारी ठेवले की त्यांची सीमारेषा डोळ्यांपुढे थरथरते, हे ते जाणून होते आणि त्यांनी ते मुद्दाम वापरले. ही पोस्टरे आयोजकांनी क्रमांक देऊन काढली. ग्रॅहॅम यांची मालिका १९७१ पर्यंत चालली. क्रमांकामुळे संग्राहकाला आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याचा हिशेब ठेवता आला. या छंदाची शिस्त तिथून आली.

खरी अडचण पुनर्मुद्रणाची. पोस्टर लोकांना आवडले की आयोजकच ते पुन्हा छापून विकत. त्यामुळे एकाच चित्राच्या कार्यक्रमाआधीच्या आणि कार्यक्रमानंतरच्या अशा दोन-तीन छपाया असतात, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फरक ओळखायचा तो कागदाच्या जाडीवरून, तावाच्या काही मिलिमीटर लांबी-रुंदीवरून आणि तळाशी असलेल्या मुद्रकाच्या बारीक ओळीवरून. एरिक किंग यांनी या क्रमांकित पोस्टरांच्या छपायांची जी सूची केली, ती याच मापांवर उभी आहे. नकली प्रत ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. जुन्या पोस्टरातले अक्षर मूळ शाईच्या सलग रंगात छापलेले असते आणि भिंगाखाली त्याची कड धारदार दिसते. छापील पोस्टरावरून स्कॅन करून काढलेल्या प्रतीत तेच अक्षर बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले दिसते आणि कड विरते. मूळ चित्रात फोटो असेल, तर त्याच्या ठिपक्यांवर दुसऱ्या ठिपक्यांची जाळी चढून लाटांसारखे पट्टे उठतात. एवढे दिसले की विक्रेत्याने कितीही कथा सांगितली तरी व्यवहार थांबवावा.

छायाचित्रांची पारख याहून नाजूक. एकाच निगेटिव्हवरून पन्नास वर्षांत कितीही प्रती काढता येतात. संग्राहक सर्वांत मोलाची मानतात ती निगेटिव्ह टिपल्यानंतर लवकरच काढलेली प्रत. छायाचित्रकाराने पुढे स्वतः काढून सही केलेल्या प्रतींनाही मान आहे, पण तो वेगळा. जिम मार्शल यांनी १९६७ मध्ये माँटेरी महोत्सवात टिपलेली जिमी हेंड्रिक्सची छायाचित्रे, किंवा त्याच वर्षी निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाचे पहिले मुख्य छायाचित्रकार बॅरन वुलमन यांचे काम, अशा दोन्ही रूपांत बाजारात येते. पुढची बाजू पाहण्याआधी फोटो उलटा करावा. वृत्तपत्राच्या संग्रहातून आलेल्या प्रतीच्या पाठीवर संस्थेचा शिक्का, तारखेचा शिक्का, टंकलिखित मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी, किती रुंदीला छापायचा याच्या पेन्सिलच्या खुणा असतात. एवढा पसारा खोटा करणे सहसा कोणाला परवडत नाही. दुसरी कसोटी अतिनील दिव्याची. फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने १९५० च्या दशकापासून येऊ लागली आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. एल्व्हिसच्या पहिल्या कार्यक्रमांचा म्हणून दाखवलेला फोटो लख्ख चमकला, तर त्याच्या जुनेपणाबद्दल शंका घ्यावी. चमकला नाही म्हणून मात्र तो आपोआप अस्सल ठरत नाही.

महाराष्ट्रात या इतिहासाचे धागे पुष्कळ आहेत, कागद मात्र फार थोडा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, १९५५ मध्ये दाखल झाला. ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवी आणि त्या मुलांचा कृष्णधवल फोटो आज जगभर छापला जातो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनीही मुंबईत तसाच प्रयोग केला. सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आज संग्राहक शोधत असतात. पेणहून खोपोलीमार्गे घाट चढून लोणावळ्यापुढे गेले की मळवली लागते. तिथे १९७१ मध्ये ‘स्नेहयात्रा’ हा उघड्यावरचा संगीत महोत्सव झाला. राजा रविवर्मा यांचा चित्रछापखानाही याच मळवलीला होता. मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ मुंबईत वाजवून गेले, १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला आणि धोबीतलावचे रंगभवन त्याच्या नावाशी जोडले गेले. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले.

या कार्यक्रमांची क्रमांकित पोस्टर-मालिका कोणी काढली नाही. थोड्या प्रती स्क्रीन प्रिंटिंगने किंवा ऑफसेटवर छापून कॉलेजच्या फलकांवर लागल्या आणि गेल्या. म्हणून इथल्या संग्राहकाने हँडबिले, तिकिटांचे अर्धे तुकडे, पास, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि तबकड्यांची वेष्टने यांनाही पोस्टराइतकेच मानावे. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या हिंदी सिनेमांची पोस्टरे सहज दिसतात, रॉकचा कागद क्वचितच. फ्लेक्स आल्यावर तर छापील पोस्टरच मागे पडले, आणि फ्लेक्स जपून ठेवावा असे कोणाला वाटत नाही.

पेण आणि रोह्यात रॉक बँडचा बाजार कधी नव्हता. पण इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि की-बोर्ड या भागात आले ते ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पथकांतून: गणपतीत, यात्रांत, आगरी-कोळी लग्नांच्या हळदीत. त्यांची हँडबिले आणि स्थानिक फोटो स्टुडिओंनी टिपलेले फोटो हा इथल्या विद्युत वाद्यसंगीताचा पहिला पुरावा आहे. त्याला बाजारभाव नाही, म्हणून तो सर्वांत आधी नष्ट होतो. परदेशी पोस्टराची आणखी एक प्रत कुठेतरी असेल. या हँडबिलाची बहुधा नसेल.

जे हाती आले ते टिकवणे हे इथे मिळवण्याहून कठीण. जुलै-ऑगस्टमध्ये पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती लवकर सुकत नाहीत; तीच हवा घरातल्या कागदात शिरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात ती चार महिने त्याहून वरच असते. फोटोला तर दुहेरी धोका. कागदावरचा जिलेटिनचा थर ओल शोषून मऊ होतो आणि फ्रेमची काच त्याला टेकलेली असेल, तर तिला चिकटून बसतो. पुढे काच काढताना चेहराच सोलून निघतो. म्हणून काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच, आणि फ्रेम पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये.

पोस्टर गुंडाळून ठेवण्यापेक्षा सपाट ठेवावे, आम्लमुक्त कागदाच्या दोन पानांमध्ये. पीव्हीसीची पिशवी कटाक्षाने टाळावी, पॉलिएस्टरची चालते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. कसर आणि झुरळे कागदावरची खळ खातात, म्हणून डबा दर महिन्याला उघडून पाहावा. पावसाळ्यात उघाडीचा दिवस निवडावा. जुन्या निगेटिव्हच्या पाकिटातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा अ‍ॅसिटेट विघटित होऊ लागला आहे. ती निगेटिव्ह लगेच इतरांपासून वेगळी करून स्कॅन करून घ्यावी. आणि लॅमिनेशन कधीही करू नये. तालुक्याच्या गावी पाच मिनिटांत होणारे हे काम परत उलटवता येत नाही. लॅमिनेट केलेल्या पोस्टराला संग्राहक हात लावत नाहीत. सेलोटेपचेही तेच: काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी माहीत असाव्यात. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू होतो; रॉक पोस्टरे त्यात येत नाहीत. पण पोस्टर किंवा फोटो विकत घेतला म्हणजे तो छापण्याचा हक्क मिळत नाही. भारतात कलाकृतीचा कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रांनाही हाच नियम आहे. भिंतीवर लावायला हरकत नाही. टी-शर्टवर छापून विकायला आहे.

पेण, रोहा किंवा आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी ऑर्केस्ट्राची जुनी हँडबिले, बंद पडलेल्या स्टुडिओची निगेटिव्ह किंवा मुंबईच्या एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट असेल, त्यांनी ते रद्दीवाल्याला न देता पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि वादकांची नावे लिहून ठेवावीत. नावे सांगू शकणारी माणसे आज हयात आहेत, तोवर हे काम करून घ्यावे.